साडेदहाचं ॲव्हरेज

जानेवारी उजाडला की पुण्यात आमच्या सोसायटीच्या वळणावर एक माणूस हुरड्याची पाकिटं घेऊन बसतो. हिरवागार, सुटा सुटा दाणा, प्लॅस्टिकमध्ये बांधलेला. शेजारी लसणाच्या चटणीच्या पुड्या. सोसायटीतली मराठवाड्याची मंडळी तिथं हमखास थांबतात, आमच्याकडे कसा असतो ते एकमेकांना सांगतात आणि जरा हळवी होतात. मी थांबत नाही. मान खाली घालून पुढे निघतो, कारण मला त्या हुरड्याला पेट्रोलचा वास येतो.

हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. शेतातली आगटी, गोवऱ्यांचा मंद धूर, राखेतून उपसून काढलेलं कणीस, ते तळहातावर चोळताना बसणारे चटके, फुंकर मारली की उडणारं भूस. यात पेट्रोलचा काय संबंध? संबंध माझ्या हातांचा आहे. चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी ज्या हातांनी कणसं चोळली, त्या हातांनी आदल्या दिवशी एक चोरटं काम केलं होतं. साबणानं तीनदा धुतले तरी वास गेला नव्हता. अजून गेला नाही, असं मला वाटतं.

त्या वर्षी मी गाडी घेतली होती. जुनी, दुसऱ्याच्या हातची, पण स्पोर्ट्स कार. दोन दारं, पोटऱ्यांच्या उंचीवर बसायची सीट, इंजिन मागे आणि डिकी पुढे. सहा सिलेंडरचा आवाज असा, की सिग्नलला शेजारचा माणूस काच खाली करून बघायचा. पुण्यात लोक विचारायचे, शून्यापासून शंभर किती सेकंदात? मी आकडा सांगायचो आणि दिवसभर खूश असायचो. चाळिशी ओलांडलेल्या माणसानं एवढ्यावर खूश होऊ नये, पण मी होत होतो, हे खरं आहे.

ती घेऊन मी परभणीला आलो आणि पहिल्या तासाभरात जमिनीवर आलो. आमच्याकडे गाडी कुठलीही असो, मोपेड, ट्रॅक्टर किंवा विमान, पहिला प्रश्न एकच असतो: किती देती? वेगाचं कुणाला कौतुक नाही. घरासमोरचे हॉटेलवाले तर म्हणाले, “शंभरवर जायला रस्ता कुठाय इथं? तुमी आपलं ॲव्हरेज सांगा.” प्रत्येक स्पीडब्रेकरवर गाडी तिरकी घालून, पोट खरवडत मी ती आणली होती. पहिल्या-दुसऱ्या गिअरात रांगताना ती लिटरला पाच किलोमीटर देत होती. जरा मोकळा रस्ता मिळाला तर सहा. कंपनीच्या कागदावर दहा-अकराचा आकडा होता, पण तो कंपनीनं बंद खोलीत चाकं रोलरवर फिरवून काढलेला असतो. तिथं खड्डा नसतो, उसाचा ट्रॅक्टर नसतो आणि माझ्यासारखा उतावळा पायही नसतो.

पण हा प्रश्न अण्णांनी विचारल्यावर मात्र मला खरा आकडा सांगवेना. अण्णा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं लाल बस चालवून निवृत्त झालेले.

अण्णांची आगारात ओळख एकाच गोष्टीची होती. डिझेल वाचवणारा ड्रायव्हर. कुणाची बस दहा लिटरला किती किलोमीटर जाते, याची यादी आगारात फळ्यावर लागायची आणि अण्णांचं नाव वर्षानुवर्षं वरच्या दोन-तीनांत असायचं. पायाखाली अंडं आहे असं समजून पाय ठेवायचा, हे त्यांचं शास्त्र. चढ लांबूनच ओळखायचा, थांबा येण्याआधीच पाय काढून घ्यायचा, बस आपल्याच वेगानं घरंगळत थांब्यावर न्यायची. लहानपणी मी त्यांच्या मागच्या सीटवर बसायचो तेव्हा ब्रेक लागल्याचं कळायचंसुद्धा नाही. शाळेत मुलं वडिलांची बढाई मारायची, तेव्हा मी फळ्यावरचा आकडा सांगायचो.

यात अर्धा वाटा सखारामकाकांचा होता, असं अण्णा म्हणायचे. सखारामकाका त्यांचे कंडक्टर. राणीसावरगावच्या मुक्कामी गाडीवर ही जोडी जवळजवळ वीस वर्षं होती. कोण कुठल्या फाट्यावर उतरणार हे काकांना प्रवाशाआधी माहीत असायचं. ते आधीच दोरी ओढायचे, म्हणजे बस धावता धावता दचकून थांबवायची वेळ यायची नाही. “अर्धं ॲव्हरेज घंटीत असतंय,” अण्णा सांगायचे. “डायवरचं नाव व्हतंय, कंडक्टरचं न्हाई.”

काका राणीसावरगावचेच. गाडी मुक्कामाला गेली की अण्णांचं जेवण त्यांच्या घरी. आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला, पण गावांनी सगळं लगेच सोडलं असं नाही. अण्णांना चहा ओट्यावर आणून देणारी, कप वेगळा ठेवणारी घरं त्यांच्या मार्गावर भरपूर होती. अण्णा त्यावर कधी बोलायचे नाहीत, फक्त त्या घरांचा चहा घ्यायचे नाहीत. सखारामकाकांच्या घरी मात्र सुमनकाकूनं पहिल्याच दिवशी त्यांना थेट चुलीपुढे पाट मांडला होता. ती अण्णांना भाऊ म्हणायची. आईनं ही गोष्ट मला इतक्या वेळा सांगितली आहे, की तो पाट मी पाहिल्यासारखा वाटतो.

तर असे अण्णा माझ्या गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आले. वाकून टायर बघितले. पुढच्या पत्र्यावर हात ठेवला.

“गरम कामून न्हाई?”

“इंजिन मागं हाय अण्णा.”

“हां.” मग हात काढून घेत, “किती देती?”

“दहा-अकरा,” मी म्हणालो.

“एवढ्या इंजिनला बरी हाय.”

‘बरी हाय’ ही अण्णांच्या तोंडची सगळ्यात मोठी शाबासकी. दहावीला मला एवढीच मिळाली होती. ती मी खोटं बोलून घेतली, आणि लाज वाटायच्या ऐवजी मला बरं वाटलं. त्यांनी थेंब थेंब करून आयुष्यभर वाचवलेलं मी सिग्नलवर आवाज काढण्यात उडवतो, हे त्यांना कळू नये एवढीच माझी धडपड होती.

पण ड्रायव्हरचा ऐकीव आकड्यावर विश्वास नसतो. दोन दिवसांनी ते म्हणाले, “टाकी फुल करून बघू. मी चालवतो.” पद्धत सोपी असते. पंपावर टाकी काठोकाठ भरायची, ठरलेलं अंतर जायचं, परत त्याच पंपावर त्याच नळीनं काठोकाठ भरायची. जेवढं बसलं तेवढं जळलं. यात लबाडीला जागा नाही, असं अण्णा समजत होते. मी आदल्या दिवशी पाच लिटरचा कॅन भरून पुढच्या डिकीत पोत्याखाली ठेवून दिला.

देवगाव फाट्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, असं ठरलं. सव्वाशे किलोमीटर. तो दिवस आठवला की मला अजून आनंद होतो, आणि त्या आनंदाचीच शरम वाटते. दोन्ही बाजूंना पोटरीतून बाहेर आलेली ज्वारी, वर हुरड्यावर बसलेले पोपट, ऊन कोवळं. सत्तरीतले अण्णा त्या खुर्चीवजा सीटमध्ये रुतून बसलेले, स्टिअरिंग दोन बोटांत धरलेलं. ती गाडी माझ्याकडे नुसती गुरगुरायची. अण्णांच्या हातात ती घरच्या म्हशीसारखी चालत होती. सेलूच्या पुढे एका चढावर त्यांनी पाय काढला आणि चढ संपेपर्यंत परत ठेवला नाही. मी पाहतच राहिलो. “गाडीला आपली घाई सांगू न्हाई,” ते म्हणाले.

फाट्यावर त्यांना ओळखीचा एक जुना ड्रायव्हर भेटला. दोघं चहाला बसले. मी गाडी झाडामागे वळवून लावतो म्हणालो आणि कॅन टाकीत रिकामा केला. थोडं पेट्रोल बोटांवर सांडलं. मी परत येऊन त्याच हातानं चहाचा कप धरला. अण्णांनी जरा हुंगलं आणि परत गप्पांत रमले. फाट्यावर पेट्रोलचा वास कुठूनही येऊ शकतो.

परभणीला पंपावर टाकी भरली. बारा लिटर बसलं. अण्णांनी मनातल्या मनात भाग दिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“साडेदहाच्या जवळ गेली रे! या वयात!”

ते ‘या वयात’ गाडीबद्दल नव्हतं, स्वतःबद्दल होतं. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. हसण्यावारी नेता आलं असतं, दोन शिव्या खाऊन सुटलो असतो. दुसऱ्या दिवशी पिंगळीच्या शिवारात आमच्या पाहुण्यांकडे हुरडा होता. अण्णांनी आगटीभोवती बसलेल्या झाडून सगळ्यांना साडेदहाची गोष्ट सांगितली. चढावर पाय कसा काढला ते बसल्या बसल्या करून दाखवलं. मी मान खाली घालून कणसं चोळत होतो आणि दाण्यांना वास येत होता. “सखारामला सांगितलं पायजे,” अण्णा म्हणाले. “त्याला लय आनंद व्हईल. रविवारी जाऊ, हुरडा घेऊन.” काका महिनाभर अंथरुणाला खिळून होते, छातीचं दुखणं होतं.

रविवारपर्यंत थांबता आलं नाही. गुरुवारी सकाळी आठ वाजता सुमनकाकूचा फोन आला. काकांचा श्वास बिघडलाय, डॉक्टर हलवू नका म्हणाले, आणि ते सारखं अण्णांचं नाव घेतायत. “भाऊ, लवकर या. तुमची वाट बघायलेत.”

आम्ही पाच मिनिटांत निघालो. मी चालवत होतो. मधल्या दिवसांत पाहुण्यारावळ्यांना चकरा मारून मी टाकी जवळजवळ संपवली होती. त्याच सकाळी गुपचूप भरून आणायची म्हणत होतो. काटा तळाकडे झुकलेला. अण्णांनी काट्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या काळच्या बसमध्ये डिझेलचा काटा चालू असल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. ती पिढी अंतरावर चालायची: इतके किलोमीटर झाले, इतकं जळलं, इतकं उरलं. ते काट्यापेक्षा पक्कं असायचं.

“फुल केल्यापासून दोनशे ऐंशी झालेत,” ते म्हणाले. “अठ्ठावीस लिटर जळलं. साठची टाकी. बत्तीस राहिलं. राणीसावरगावला सात लागतंय. थांबायचं काम न्हाई.”

गणित अगदी बरोबर होतं. फक्त त्यातला एक आकडा माझा होता.

गंगाखेडच्या अलीकडे काट्याशेजारचा तांबडा दिवा लागला. अण्णा म्हणाले, “दिवे असेच लागतेत.” गंगाखेडच्या पंपावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती. मी वेग कमी केला. अण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “कामून थांबायलास? हाय ना आपल्याकडं. तो वाट बघायलाय रे.” मी पंपाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं: अण्णा, ते साडेदहा खोटं होतं. त्या वाक्याला किती वेळ लागतो? तेवढं बोलायला लागू नये म्हणून मी मनाशी म्हणालो, कदाचित पोचू. आणि पुढे गेलो.

दहा-बारा किलोमीटर राहिले असताना गाडीनं दोन गचके दिले आणि बंद पडली. दोन्हीकडे माळ. अण्णांनी आधी बॅटरी पाहायला सांगितली, मग फ्यूज. पेट्रोल संपलं असेल हे त्यांच्या मनात येतच नव्हतं. शेवटी मीच म्हणालो, “अण्णा, पेट्रोल न्हाई.” त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, परत मोजलं. मी एका मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून गंगाखेडला गेलो. अण्णांनाही मिळेल त्या वाहनानं पुढे जा म्हणालो होतो. पण त्या वेळात त्या रस्त्यानं एक भरलेला उसाचा ट्रॅक्टर गेला, तेवढाच. परत यायला मला तास लागला. ते रस्त्याच्या कडेला तसेच उभे होते.

राणीसावरगावात काकांच्या दारापुढे माणसं जमली होती. काका जाऊन वीस मिनिटं झाली होती. काकू म्हणाली, “आत्ता आत्ता पस्तोर बोलत व्हते. गाडीचा आवाज आला की मान वळवायचे.” अण्णांनी सगळ्यांसमोर हात जोडले. “वहिनी, माझी गलती झाली. पोरगं पंपावर थांबायलं व्हतं, मी थांबू दिलं न्हाई. माझा हिशोब चुकला.” मी त्यांच्या मागे उभा होतो. चपलेच्या अंगठ्याकडे बघत. ते रडले नाहीत. चुकलेल्या माणसाला तिथं रडायचा हक्क नाही, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

त्यानंतर अण्णांनी गाडी चालवणं सोडलं. स्कूटर भाच्याला देऊन टाकली. लायसन्सची मुदत संपली, ते नवं केलं नाही. आई फोनवर सांगायची: हल्ली गॅस बंद केला का ते तीनदा बघतात, भाजीवाल्याला विचारतात की मी आत्ता किती किलो म्हणालो, डॉक्टरला म्हणाले माझं डोकं तपासा. “डोकं चांगलं हाय म्हनतो डॉक्टर. पण यांचा इसवासच गेलाय सोतावरचा.” मी पुण्यात बसून हे ऐकायचो आणि त्यांना चांगल्या डॉक्टरकडे नेऊ म्हणायचो. ती गाडी मी वर्षभरात विकली. घेणाऱ्यानं विचारलं, किती देते? साडेपाच, मी म्हणालो. एका अनोळखी माणसाला मी ते पहिल्याच प्रश्नाला खरं सांगून टाकलं.

वडिलांची शाबासकी मिळावी म्हणून खोटं बोललो, हे मला अजून समजून घेता येतं. पण ते स्वतःला खुळं समजत असताना गप्प बसलो, ते कशासाठी? माझी अब्रू वाचावी म्हणून. चार वर्षं मी त्यांच्या डोक्यावर खापर ठेवून माझी अब्रू झाकत होतो.

यंदा त्या पाकीटवाल्यानं मला हाक मारली. “साहेब, गुळभेंडी हुरडा आहे, परभणीकडचा.” मी घरी गेलो, बॅग भरली आणि दुसऱ्या दिवशी परभणीत उतरलो. अण्णा अंगणात उन्हाला बसले होते. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. मधे थांबलो असतो तर परत सुरू करता आलं नसतं.

ते म्हणाले, “किती लिटरचा व्हता कॅन?”

“पाच.”

“फाट्यावर वतला?”

“व्हय.”

“म्हंजे सतरा जळालं.” त्यांनी डोळे मिटले. चार वर्षांनंतर त्यांना सव्वाशे आणि बारा हे दोन्ही आकडे पाठ होते. “साडेसातच्या आत. सात पूर्णांक...” ते थांबले. “मंग माझं डोकं बरोबर व्हतं.”

“बरोबर व्हतं अण्णा.”

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मला वाटलं आता शिव्या देतील, मारतीलही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते उठले, खुंटीवरचा सदरा घातला. “चल. राणीसावरगावला. मला सांगितलंस, आता तिला सांग.”

आम्ही बसनं गेलो. ज्वारी तशीच उभी होती, ट्रॅक्टर तसेच चालले होते. काकूच्या घराशी आलो तेव्हा अण्णा ओट्याच्या खालीच, लिंबाजवळ थांबले. त्यांना दम लागला असेल असं मला वाटलं. काकूनं मला एकट्यालाच आत बोलावलं. ती सुपात दाणे पाखडत होती. मी उभ्यानंच सांगितलं. कॅन, पंप, तांबडा दिवा, सगळं. सूप थांबलं.

“म्हंजे भाऊंची चूक न्हवती?”

“न्हाई काकू. माझी व्हती.”

तिनं सूप खाली ठेवलं. “दर साली येतेत ते. हेच दिवस असतेत. बाहेर बसतेत, पानी पितेत, जातेत. चार साल झाले. मी एकदाबी आत या म्हनलं न्हाई.”

मला हे माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. बँकेच्या कामाला गंगाखेडला जाऊन येतो, असं अण्णा घरी सांगायचे.

काकू उठली. दारात जाऊन तिनं पदर सारखा केला आणि हाक मारली, “भाऊ, आत या.”

अण्णांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चपला काढल्या, भिंतीला हात धरून पायऱ्या चढले आणि आत आले. मी त्यांना बसायला चटई पसरायला गेलो. काकूनं चटई माझ्या हातातून घेतली.

“तू बाहीर थांब,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “आमाला बोलायचंय.”

मी ओट्यावर जाऊन बसलो. मागे दार लोटलं गेलं. थोड्या वेळानं आतून अण्णांच्या रडण्याचा आवाज येऊ लागला.